बिग बॉसच्या घरातले गट टिकतात कशावर आणि फुटतात कशावर?

रानवाटा

बिग बॉस मराठीचा पाचवा सीझन (२०२४) परत बघायला घेतलाय. पहिल्यांदा बघताना आपण बाजू घेऊन भांडत असतो. निकाल माहीत असला की भांडणांत रस राहत नाही, नजर भलतीकडेच जाते. सोफ्यावर कोण कोणाला खेटून बसलंय, कोण खोलीत शिरलं की बाकीच्यांचं बोलणं थांबतं, टास्क हरल्यावर कोण कोणाला पाणी आणून देतं. हे भांडणापेक्षा रंगतदार आहे.

२८ जुलैला घर उघडलं आणि बघता बघता दोन तट पडले. ‘अ’ गटात निक्की तांबोळी, अरबाज पटेल, वैभव चव्हाण, जान्हवी किल्लेकर, घनःश्याम दरोडे. वैभवमुळे इरिनाही त्याच बाजूला. बाकी सगळे ‘ब’: अंकिता वालावलकर, पॅडी कांबळे, धनंजय पोवार, अभिजीत सावंत, आर्या जाधव, योगिता, निखिल, वर्षाताई उसगांवकर, पुरुषोत्तमदादा पाटील, सूरज चव्हाण. खरा गट ‘अ’च होता. आधी बसून ठरवायचे, मग खेळायचे. ‘ब’ला गट म्हणणंच धाडसाचं. ‘अ’मध्ये नाहीत, एवढीच त्यांची ओळख.

आणि ६ ऑक्टोबरला? सूरज विजेता, अभिजीत दुसरा, निक्की तिसरी, मागोमाग धनंजय आणि अंकिता. जान्हवीनं नऊ लाख घेऊन आधीच रजा घेतली. शेवटच्या सहांत चार ‘ब’चे, आणि ‘अ’च्या ज्या दोघी उरल्या त्यांचा गट केव्हाच मोडला होता.

माझं म्हणणं असं की घरातले लोक एकमेकांना फक्त नॉमिनेट करू शकतात. बाहेर काढायचं काम प्रेक्षकांकडे. म्हणजे गट तुम्हाला नॉमिनेशनपासून वाचवेल, एलिमिनेशनपासून नाही. मग लोक एवढा जीव टाकून गट का करतात? आणि तो नेमका वीकेंडलाच का फुटतो?

खट्याळ_काकू

दोनदा बघितलंस? तुझ्या घरच्यांना माझा नमस्कार सांग.

(पण धागा चांगला आहे. चहा घेऊन बसलेय.)

डोंबिवलीकर०७

एवढा खल कशाला? चॅनलला हवं तेव्हा गट होतो आणि हवं तेव्हा फुटतो. वीकेंडच्या ‘भाऊचा धक्का’वर सूत्रसंचालक रितेशनं क्लिप दाखवली, निक्कीला कळलं की आपलेच लोक पाठीमागे काय बोलतात, आणि तिनं ‘मी आता या गटात नाही’ म्हणून टाकलं. क्लिप दाखवलीच नसती तर गट शेवटपर्यंत टिकला असता. यात मानसशास्त्र कुठे आलं? चोवीस तासांतला हवा तो अर्धा मिनिट कापायचा आणि ज्याला झोंबेल त्याच्यासमोर लावायचा. संपलं.

रानवाटा

@डोंबिवलीकर०७, क्लिप दाखवली मान्य. पण बोललं कोण? संवाद काही चॅनलनं लिहून दिले नव्हते. आणि पाठीमागे ‘ब’ गटवालेही एकमेकांबद्दल काही कमी बोलत नव्हते. तरी त्यांचं तसं फाटलं नाही. क्लिप फक्त काडी टाकते. आत दारू किती साठलीय हे गटागटावर आहे.

न्यू_जर्सीचा_नाना

उत्तर नियमात आहे. मी इकडचे हे शो पहिल्यापासून बघत आलोय, त्यामुळे थोडा इतिहास ऐकून घ्या.

बिग बॉस ज्यावरून आलं तो ‘बिग ब्रदर’ मूळचा नेदरलँड्सचा, १९९९ चा. अमेरिकेत तो २००० साली आला. पहिल्या सीझनला नियम आपल्यासारखाच, घरच्यांनी नॉमिनेट करायचं आणि लोकांनी फोन करून बाहेर काढायचं. झालं काय, की जो भांडेल, बोलेल, काही करेल त्याला लोक काढत गेले. उरले ते गोड गोड. शो इतका मिळमिळीत झाला की २००१ च्या दुसऱ्या सीझनला नियमच बदलला. घराचा प्रमुख दोघांना नॉमिनेट करणार आणि त्यातलं कोण जाणार हे घरातलेच मतदानानं ठरवणार. त्या वर्षी जिंकला विल कर्बी नावाचा डॉक्टर. तो उघड सांगायचा की मी खोटं बोलतो. शेवटी ज्यांना गंडवलं त्यांच्याच मतांवर ५-२ नं जिंकला. २००० च्या नियमात हा माणूस तिसऱ्या आठवड्यात घरी गेला असता.

‘सर्व्हायव्हर’ हा दुसरा शो त्याहून उघडावाघडा, खेळाडूच मतं देऊन एकमेकांना बाहेर काढतात. अमेरिकेत तोही २००० सालचा. बोर्निओजवळचं पुलाऊ टिगा बेट, सोळा माणसं, एकोणचाळीस दिवस, दहा लाख डॉलर. दोन टोळ्या, तागी आणि पागाँग. तागीतल्या रिचर्ड हॅच, सू हॉक, रूडी आणि केली या चौघांनी ठरवलं की आपण सगळे एकाच माणसाला मत द्यायचं. बस्स, एवढंच. पागाँगवाल्यांना हे पाप वाटायचं. ज्याला जो नको वाटेल त्याला तो मत द्यायचा, आणि विखुरलेल्या मतांचं जे होतं ते झालं. एकामागून एक पागाँग साफ. तागीतला शॉन म्हणून एक डॉक्टर होता, तो तर भांडण नको म्हणून इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमानं मत द्यायचा. त्याचा फायदाही चौकडीलाच!

शेवटी बाहेर गेलेल्यांची ज्यूरी विजेता निवडते. त्या मतदानात रिचर्ड ४, केली ३. ज्यूरीतल्या ग्रेगनं दोघांना एकेक आकडा निवडायला लावला आणि त्यावर मत दिलं. एवढ्या कटकारस्थानाचा निकाल आकडा लावून लागला म्हणायचा.

तेव्हा रानवाटा, तुमचा प्रश्न बरोबर आहे. तिकडे गट केला नाहीत तर मराल. आपल्याकडे गट ही चैन आहे.

अनुप्रास

नाना, प्रतिसाद आवडला, पण ‘चैन’ पटलं नाही. आपल्याकडेही गटाचं गणित आहे, फक्त वेगळं.

आपल्याकडे मत वाचवण्यासाठी देतात, काढण्यासाठी नाही. याचा अर्थ लावून बघा. नॉमिनेशनमध्ये पाच जण आहेत आणि त्यातले तिघे एकाच गटाचे. त्या गटाला मानणारा प्रेक्षक एकच, त्याची मतं तिघांत फुटणार. समोरचा एकटा असला तर त्याची मतं एकगठ्ठा. म्हणून ‘आपल्याला नॉमिनेट करू नका’ यावर हुशार खेळाडू थांबत नाही. आपल्यासोबत यादीत कोण असावं, हे तो बघतो. आपलेच मतदार असलेला दुसरा कोणी शेजारी नको.

उलट बाजूही बघा. गटातला एक बाहेर गेला की त्याचे चाहते बेघर होतात आणि गटातल्या उरलेल्यांकडे येतात. हिंदीच्या सोळाव्या सीझनमधली ‘मंडली’ आठवा. शिव ठाकरे, एमसी स्टॅन, साजिद खान, अब्दू रोझिक, निमृत, सुंबुल. एकेक जण बाहेर पडत गेला, पण मंडली म्हणून जमवलेला प्रेक्षक आतच राहिला. फेब्रुवारी २०२३ च्या फिनालेत पहिले दोन कोण? पुण्याचा स्टॅन आणि अमरावतीचा शिव. जिच्या नावाचा सगळीकडे गजर चालला होता ती प्रियंका तिसरी. गट ही प्रेक्षकांची सामायिक पेढी आहे. तिचं खातं ‘अ’ गटानं रिकामं केलं, कारण लोकांना त्यांच्यातला जिव्हाळा दिसेना, दिसली ती फक्त दादागिरी. वर्षाताईंचा पाणउतारा झाला, पॅडीच्या अभिनयावरून जान्हवी बोलली, तिथे पुढच्या मतांचा निकाल लागला होता.

मिरजमावशी

तुमचं मतांचं गणित चालू द्या. मला विचाराल तर गट स्वयंपाकघरात ठरतो.

कुठलाही सीझन काढा. पहिल्या दोन दिवसांत कणीक कोण मळतंय ते बघा. ज्याच्या हातात रेशन त्याच्याभोवती चार माणसं आपोआप जमतात. चपात्या मोजून होतात, अंडी मोजून मिळतात, आणि कुणी एक जास्त खाल्लं की तीन दिवस तोच विषय. वरून दिसायला भांडण चपातीचं, पण खरा सवाल ‘तू माझी का तिची’ हाच. ड्युटी वाटून देणारा कॅप्टन आपल्या माणसाला भांडी घासायला लावतो का, ते बघा. लावत असला तर गट टिकतो. आपल्यांना हलकी कामं आणि बाकीच्यांना संडास-बाथरूम, असं सुरू झालं की घरातले बाकीचे एक होतात. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारेसुद्धा.

पडद्यामागचा

वाचनमात्र असतो, पण इथे लिहावंसं वाटलं. अशाच एका शोवर (हा नव्हे, नाव विचारू नका) लॉगिंगचं काम केलंय. कानाला हेडफोन, समोर पडदे, हातात तक्ता. वेळ, जागा, कोण, कोणाशी, विषय काय. रात्रपाळीत दोन ओळी लिहायच्या आणि जांभई द्यायची.

सांगायची गोष्ट ही की गट कधी जुळला ते पडद्यावर दिसतं त्याच्या बरंच आधी तक्त्यात दिसतं. ‘कोणाशी’ या रकान्यात तीच तीच नावं येऊ लागतात. फुटणारा गटही आधीच कळतो, आणि तो भांडणामुळे कळत नाही. भांडणारे पुन्हा बोलतात. चौघांचा गट असतो, बैठक तिघांचीच होते, आणि चौथा आला की विषय जेवणावर जातो. असं दोनदा झालं की आम्ही आपसांत म्हणायचो, याची गच्छंती. एका मुलीला आपण बाहेर फेकले गेलोय हे कळायच्या आधी पाळीवरच्या सगळ्यांना माहीत होतं. ती बिचारी त्यांच्यासाठी चहा करत होती, चार कप.

@डोंबिवलीकर०७, कापाकापी होते, नाकारत नाही. पण जे घडलंच नाही ते कापून काढता येत नाही. आणि क्लिप कोणाला दाखवायची याचा विचार करणाऱ्याला आधी हेच शोधावं लागतं की तडा कुठे गेलाय.

खट्याळ_काकू

चार कप वाचून काळीज हललं. नाव नको सांगू, पण निदान जिंकली का तेवढं सांग.

पडद्यामागचा

नाही. पण पुढे दोन आठवडे टिकली. ज्यांच्यासाठी चहा केला त्यांतले दोघे तिच्या आधी गेले.

संशयात्मा

सगळे गटाला व्यक्तींच्या स्वभावात शोधतायत. १९५४ चा मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफचा ओक्लाहोमातला प्रयोग कुणाला आठवतो का? रॉबर्स केव्ह नावाच्या उद्यानात शिबिर, अकरा-बारा वर्षांची बावीस मुलं, सगळी साधारण एकसारख्या घरांतली. दोन गट पाडले. एकाला दुसरा आहे हे आधी माहीतही नव्हतं. मग समोरासमोर आणून बक्षिसांच्या स्पर्धा लावल्या. काही दिवसांतच शिवीगाळ, एकमेकांचे झेंडे जाळणं, खोल्यांवर छापे. नुसतं एकत्र जेवायला बसवून भांडण मिटलं नाही, ताटातलं एकमेकांवर फेकलं. मिटलं कधी, तर पाण्याची सोय बिघडली आणि दोन्ही गटांना मिळून दुरुस्त करावी लागली तेव्हा.

आता बिग बॉसचं टास्क बघा. दोन टीम, एक कॅप्टन्सी, धक्काबुक्कीला वाव. ‘अ’ आणि ‘ब’ हे टास्कनं घडवले. आणि मोडायचे असले की उलटं करायचं. ‘जोडी की बेडी’मध्ये अभिजीतला निक्कीशी जोडलं. दोघांना जखडून टाकल्यावर करणार काय, बोलावंच लागलं. बोलले तर पटूही लागलं. आणि ‘ब’ गटात कुरबूर सुरू, आपला माणूस तिकडे का रमलाय. अंकितानं तर ते मनाला लावून घेतलं. अभिजीतनं कुणाचं काही वाईट केलं नव्हतं. शत्रूशी नीट वागला, एवढाच गुन्हा.

रानवाटा

@संशयात्मा, हे जबरदस्त आहे. अभिजीतचा भाग मी काल रात्रीच पाहिला. त्याला ‘तू कुठल्या बाजूचा’ हे इतक्यांदा विचारलं गेलं की शेवटी त्याचाच चेहरा पडला. बाहेर मात्र याच गोष्टीनं त्याचं भलं झालं असावं. दोन्हीकडे बोलणारा माणूस प्रेक्षकाला समजूतदार वाटतो आणि गटाला फितूर.

मराठीच्या दुसऱ्या सीझनमधला (२०१९) शिव ठाकरे तसाच. एका बाजूला किशोरी, वीणा, रूपाली यांचा ‘केव्हीआर’, दुसऱ्या बाजूला बाकीचे, आणि वीणामुळे हा मधल्यामध्ये. दोन्हीकडून बोलणी खाल्ली आणि जिंकला. माझा कयास असा की मंडली एकत्र ठेवायची अक्कल त्याला त्या ओढाताणीतून आली. हिंदीत गेल्यावर तो पहिल्या दिवसापासून लोक बांधत होता.

धागा_राखणदार

महाराष्ट्रातल्या युती-आघाड्यांचे दाखले देणारे काही प्रतिसाद उडवले आहेत. पहाटेच्या शपथविधीशी या धाग्याचा संबंध नाही. त्यासाठी वेगळा विभाग आहे, तिथे भांडा.

उंडगा

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

खट्याळ_काकू

@उंडगा, वाचला होता रे मी. हसून हसून पुरेवाट.

डोंबिवलीकर०७

बरं, नियम आणि टास्क मानलं. मग सूरज कुठे बसतो? त्याला कुठलं गणित येत होतं? सुरुवातीला टास्क काय आहे हेच त्याला कळत नव्हतं. मोढव्याचं पोर, आईबाप नाहीत, बहिणींनी वाढवलेलं. ‘झापुक झुपूक’ म्हणत फिरायचा आणि ट्रॉफी घेऊन गेला. म्हणजे गट नसणं हीच सर्वांत मोठी खेळी, नाही का?

मिरजमावशी

कोण म्हणतं त्याला गट नव्हता? पॅडी होता की. खेळ समजावून सांगायला, रागावायला, सावरायला. अंकिताला तो ताई म्हणायचा. सूरज एकटा दिसला, एकटा नव्हता. बाकीचे गट फायद्यासाठी होते, याला माणसं मिळाली. दोन्हीतला फरक लोकांना टीव्हीवरूनसुद्धा कळतो.

अनुप्रास

मावशींना +१. आणि यात खेळाच्या दृष्टीनंही मेख आहे. सूरजला सांभाळणाऱ्यांना त्याचा धोका वाटत नव्हता. तो हातात येईल तो मोहरा आहे असं दोन्ही गटांनी धरलं. त्यामुळे त्याच्याविरुद्ध गट झालाच नाही. ‘अ’नं त्याला हसून सोडलं, ‘ब’नं पोटाशी धरलं. ज्याला कोणी स्पर्धक मानत नाही त्याच्याकडे सगळ्यांची सहानुभूती साठत जाते, आणि हिशेब बाहेर चालू असतो हे आत कुणालाच दिसत नाही.

संशयात्मा

सहानुभूतीवर सगळं ढकलू नका. दबलेला गट जिंकतो हा नियम असता तर मंडली हरायला हवी होती, घरावर वर्चस्व तिचंच होतं. मराठीच्या पहिल्या सीझनला (२०१८) मेघा धाडे, सई लोकूर, पुष्कर जोग हे तिघं मोठ्या गटासमोर उभे होते, तिथे तुमचा सिद्धांत चालतो. पहिले दोन क्रमांक त्यांचेच. तिसऱ्या सीझनला (२०२१) विशाल, विकास, मीनल, सोनाली यांची ‘बी’ टीम, तिथेही चालतो. पण त्याच सीझनला दुसरा आला जय दुधाणे आणि शेवटच्या पाचांत उत्कर्षही होता. दोघे दुसऱ्या, दणकट टीमचे. मला तर सहानुभूतीपेक्षा टिकाऊपणा दिसतो. ज्या गटातली माणसं दहाव्या आठवड्यातही एकमेकांजवळ बसलेली असतात, त्या गटाला मतं जातात.

रानवाटा

म्हणजे ‘अ’ गट दादागिरीमुळे नाही, फुटल्यामुळे हरला?

संशयात्मा

फुटल्यावर निक्की तिसरी आली ना? अरबाज गेल्यावर, सगळे विरुद्ध असताना. एकटीची मतं होती तिच्याकडे. गटाचीही उरली असती तर कदाचित वर गेली असती. जान्हवीनं वेगळी वाट धरली, पुढे वैभव-अरबाज गेले, त्यांचे चाहते निक्कीकडे आले नाहीत. अनुप्रासची सामायिक पेढी इथे बुडाली.

न्यू_जर्सीचा_नाना

आता एक गंमत करू. पाचव्या सीझनला ‘सर्व्हायव्हर’चा नियम लावा. प्रेक्षक नाहीत, घरातल्यांनीच मतं देऊन काढायचं. सोळा माणसं, ‘अ’कडे सहा, उरलेले दहा.

अनुप्रास

दहा जणांनी पहिल्याच आठवड्यात निक्कीला काढलं असतं.

न्यू_जर्सीचा_नाना

काढलं असतं का? दहा जण एकत्र येऊन एका नावावर ठरतील हे धरूनच चाललात. रानवाटा वर म्हणालेत तसं, तो गट नव्हताच. ते पागाँग होते. सहा जण ठरवून एका नावावर, दहा जण पाच नावांवर. पहिला बळी ‘ब’चा, दुसराही ‘ब’चा. आता सहा विरुद्ध आठ. तिथे बहुधा धनंजय उठला असता. इचलकरंजीचा दुकानदार, आकडे त्याला लगेच दिसले असते. आणि तिथून पुढे ‘ब’ खराखुरा गट झाला असता. आपल्या नियमात त्यांना एकत्र यायची गरजच पडली नाही, प्रेक्षक त्यांचं काम करत होते.

रानवाटा

आणि शेवटी बाहेर गेलेल्यांनी विजेता निवडायचा असता तर?

मिरजमावशी

पॅडी. डोळे झाकून. त्याच्यावर राग धरून कोण बाहेर गेलं सांगा.

डोंबिवलीकर०७

पॅडीला शेवटच्या दोघांत कोण जाऊ देणार? ज्याच्यावर कुणाचा राग नाही त्याला आठव्या आठवड्यातच उडवतात. नानांचा खेळ आहे तो, तिकडे चांगुलपणा म्हणजे धोका. अभिजीत जिंकला असता.

मिरजमावशी

अभिजीतला अंकितानं मत दिलं असतं?

डोंबिवलीकर०७

थांबा, तो भाग परत बघून सांगतो.

खट्याळ_काकू

लागला हाही नादाला.